गोड नकाराचा वर्ग

नकार कोणीही देऊ शकतो; नकार घेऊन जाणाऱ्याने जाताना आभारही मानावेत, यासाठी सुसंस्कृत कार्यालय लागतं. असं एक कार्यालय मी जवळून पाहिलं आहे. जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, तेव्हा तिथल्या साहेबांनी मला अधिकाऱ्यांचा वर्ग घ्यायला बोलावलं. विषय एकच: इंग्रजीत 'पण' कसं म्हणावं.

पूर्वी तिथे सगळे सरसकट 'बट' म्हणत. "काम चांगलं आहे, बट रजा नाही." 'बट' म्हणजे तोंडावर लावलेली कडी, लगेच वाजते. (एका वर्षात दारं आपटून सगळ्या बिजागऱ्या ढिल्या झाल्या होत्या.) मी 'हाउएव्हर' शिकवला. त्याच्याआधी वाक्य संपतं, तेवढ्यात ऐकणारा सावरून बसतो. मग 'नेव्हरदलेस'. हा इतका लांबलचक, की संपेपर्यंत माणसाचा राग निवतो. तो साहेबांसाठी राखून ठेवण्यात आला. शिपायाने एकदा चहा संपल्याचं सांगताना तो वापरला, तेव्हा त्याला योग्य ती समज देण्यात आली (अर्थातच 'हाउएव्हर' वापरून).

या सर्वांचा शिरोमणी म्हणजे 'ऑल्दो', आपलं 'जरी'. बाकीचे शब्द गोड आधी भरवतात आणि कडू शेवटी. 'ऑल्दो' कडू आधी उरकून टाकतो, गोड जिभेवर राहतं. निर्णय तोच, फक्त वाढण्याचा क्रम बदलतो. साहेबांचे डोळे पाणावले. "सर, हे आधी कळलं असतं, तर किती माणसं समाधानाने गेली असती हो!"

पहिला मान टायपिस्टबाईंना मिळाला. त्यांची आठ वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर घरी एकटी असायची, म्हणून बाईंना सकाळची पाळी हवी होती. साहेब म्हणाले, "ऑल्दो सकाळची पाळी देता येत नाही, तुमच्यासारखं काम इथे कुणाचंच नाही." बाई हसत बाहेर आल्या. आभार मानले. दारसुद्धा हळूच लावलं. वर्ग यशस्वी झाल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं.

टायपिस्टबाई माझ्या शेजारीच राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी जिन्यात दिसल्या, एक कामाला निघालेली, एक शाळेला.

"आई, मिळाली का गं सकाळची पाळी?"

"अगं, साहेबांनी काय कौतुक केलं म्हणून सांगू! म्हणाले, माझ्यासारखं काम—"

"म्हणजे नाही मिळाली." मुलीने घराची किल्ली गळ्यात अडकवली.

मी चाट पडलो. जे लपवायला माझे अधिकारी महिनाभर घोकत होते, ते हिला आपसूक ऐकू येत होतं. "बाळ, हे तुला कुणी शिकवलं?"

"त्यात काय शिकायचं, आजोबा? मी चित्र दाखवलं की मोठी माणसं म्हणतात, 'अरे वा, छान हं!' मग मी 'पण' येईपर्यंत थांबते."

वाचकहो, तुम्ही इथवर धीराने वाचलंत. तुमच्याइतका समंजस वाचक मला आजवर भेटलेला नाही.

(थांबलात ना?)