गुडघ्यावरचे मंजूर भोक

बांगलादेशातल्या गाजीपूरच्या आमच्या कारखान्यात नव्याकोऱ्या जीन्सना भोके पाडण्याचा स्वतंत्र विभाग आहे. त्याचा प्रमुख मी. भोक पाडणे सोपे असते, असा सामान्य जनांचा गैरसमज आहे. उंदराचे भोक स्वैर असते. निर्यातीचे भोक आराखड्याबरहुकूम पडावे लागते.

परदेशी ग्राहकाचे तपासनीस यायचे होते, त्याच सकाळी मोर्जिना खालाची, म्हणजे मोर्जिना मावशीची, शिलाईतून आमच्याकडे बदली झाली. काम एवढेच, की भोकांच्या कडेचे सुटे दोरे कापायचे. जेवणाच्या सुट्टीपूर्वी पाहतो, तर तिच्यापुढच्या ढिगातला प्रत्येक गुडघा बुजलेला! आमच्या बायका जुन्या साड्या थरावर थर ठेवून धावदोऱ्याने कांथा शिवतात. त्याच टाक्यांनी तिने समस्त भोके मिटवली होती.

"खाला, हे काय करून ठेवलंत?"

"फाटलेलं दिसलं, शिवलं. असलं फाटकं परदेशी धाडलं तर देशाची अब्रू जाईल की, इंजिनिअर भाई!"

"अहो, ते मुद्दाम फाडलंय!"

"मुद्दाम? कुणाचं भांडण झालं?"

व्यवस्थापक तोफज्जल साहेबांनी 'मंजूर छिद्रांची नासधूस' या सदराखाली तिच्या बडतर्फीचा आदेश तत्काळ काढला.

"साहेब, नवऱ्याची रिक्षा मोडून पडलीय. घर माझ्या सुईवर चालतं," खाला म्हणाली. "कात्री द्या, घटकेत परत फाडून देते."

"कात्रीनं? भोकाला यंत्र लागतं, यंत्र!"

इतक्यात तपासनीस हेन्रिक साहेब आत आले. त्यांनी एका गुडघ्यावरून हळुवार बोट फिरवले आणि डोळे टिपले.

"अरे, ही तर अस्सल गरिबी! आम्हाला सगळा माल असाच हवा. तिप्पट भाव देतो."

तोफज्जल साहेबांनी आदेश टराटरा फाडला. कारखान्यात विनापरवाना फाटलेली ती पहिलीच वस्तू.

अट एकच होती. रफू प्रमाणित असावे. त्यासाठी परदेशातून एक प्रशिक्षिका आल्या आणि त्यांनी आमच्या बायकांना पडद्यावर चित्रे दाखवून कांथा शिकवला. शेवटी परीक्षा झाली. नापास होणाऱ्याला कामावरून कमी करावे, असे ठरले होते. खाला नापास झाली.

"टाके फारच सरळ आहेत," प्रशिक्षिका म्हणाल्या. "गरीब माणूस इतकं नीट शिवत नाही."

"मग कसं शिवतो, बाई?"

त्यांनी तक्ता दाखवला. त्यात टाके वेडेवाकडे होते आणि एक दोरा लोंबत होता.

"अगं बाई! असं शिवलं तर माझी सासू कबरीतून उठून थोबाडीत देईल!"

परंतु नियम सासूला विचारून होत नसतात. खाला त्याच दिवशी घरी गेली. विभागप्रमुख या नात्याने आदेशावर मीच सही केली.

तरी वाचकहो, अशी जीन्स घेताना गुडघा उजेडात धरून पाहावा. टाके सरळ असतील, तर तो माल खालाच्या हातचा. फसवणूक समजून खुशाल परत करावा. वाकडे असतील, तर निर्धास्त घालून मिरवावे. तुमच्या अंगावरची गरिबी रीतसर परीक्षा उत्तीर्ण झालेली आहे.