त्रिंबकची मोहरी

दुष्काळी साल, त्यात सोसायटीची निवडणूक तोंडावर. चेअरमन अर्जुनरावांनी त्रिंबकला सांगितलं होतं, "सोसायटीनं दिलेल्या मोहरीचा तुझा प्लॉट सायबांच्या नजरंत भरला, की संचालकपद तुझंच." तेव्हापासून त्रिंबक रोज टोपीला इस्त्री करत होता. पेरणी झाल्यावर शेताकडे काही तो फिरकला नाही.

साहेब यायच्या आदल्या दिवशी तो गेला. प्लॉट पिवळाधमक फुलला होता. त्याने कौतुकाने एक रोप धरलं, तर बोटं चिकट झाली. वास घेतला आणि त्याने रोप झटकन सोडलं. ही मोहरी नव्हती. बांधावर आपोआप उगवणारी, त्याने जन्मभर उपटून फेकलेली तिळवण होती.

घरी येऊन त्याने बायकोला विचारलं, "सोसायटीच्या पिशवीत काय भरलं व्हतं?"

"तिळवणीचं बी," चतुराबाई म्हणाली. "मोहरी लोणच्यात गेली. फोडणीत दोन्ही सारखंच तडतडतंय."

"आगं, मला ती पेरायची होती."

"मग पेरताना तुमाला तरी कुठं कळलं?"

दुसऱ्या दिवशी सहकार खात्याचे साहेब आले. त्यांनी शेती केली होती ती सगळी कागदावर. आसपासच्या गावांतले मोहरीचे प्लॉट करपलेले पाहून ते वैतागले होते. इथे मात्र हरखले.

"पाणी किती दिलं?"

"न्हाई दिलं."

"फवारणी?"

"कावून करू? कीड फिरकतच न्हाई."

त्रिंबक एक अक्षरही खोटं बोलत नव्हता, तरी त्याला घाम फुटला होता.

जेवताना साहेब म्हणाले, "वहिनी, फोडणी खमंग आहे. प्लॉटमधलीच मोहरी का?"

"न्हाई सायेब, ही तिळवण हाय."

"आणि प्लॉटमध्ये?"

"तितंबी तीच."

अर्जुनरावांना ठसका लागला. गेलं संचालकपद, असं मनाशी म्हणत त्रिंबकने मान खाली घातली.

साहेबांना मात्र वेगळीच चिंता पडली. एकही प्लॉट जगला नाही, हे वर कोणत्या तोंडाने कळवायचं? अखेर त्यांनी वही काढून लिहिलं, 'पीक समाधानकारक. वाण गावरान.' मग ताट पुढे सरकवून म्हणाले, "थोडी भाजी वाढा."

त्रिंबक संचालक झाला. पहिल्याच बैठकीला सोसायटीच्या दारात निम्मा गाव जमला. म्हातारा मुंजाजी पुढे होऊन अदबीने म्हणाला, "संचालक, आमच्या उकिरड्यावरबी तुमचं वाण लई जोमात आलंय. पाहणीला कवा येता?"