कापड्यातला पियानो आणि लक्ष्मणतात्या

आमच्या कापडे गावात वीज गेली की आधी शिव्या ऐकू येतात, अंधार नंतर जाणवतो. शिव्या लक्ष्मणतात्यांच्या. भर दुपारी वीज गेली तरी त्या ऐकू येतातच. त्यांच्या पियानोच्या पोटात पावसाळाभर एक पिवळा बल्ब जळत असतो, तो विझलेला त्यांना खपत नाही. मग ते अंगणात उभे राहून वायरमनला फोन लावतात.

"अरे, दमटानं पट्ट्या फुगल्या तर तू येनार हायस का घासायला? मॅनर नाय तुमच्या डिपार्टमेंटला, मॅनर!"

मी इथल्या शाळेत शिक्षिका आहे. तात्यांच्या घराला लागून असलेली खोली मी भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी चावी घ्यायला आत गेले आणि ओली छत्री भिंतीशी दिसलेल्या काळ्या कपाटाला टेकवली.

"म्याडम, छत्री घेऊन आधी भाईर व्हा," तात्या गरजले. "मग वळख करू."

ते कपाट म्हणजेच पियानो. पोलादपूर तालुक्यातल्या भातखाचरांमधल्या गावात पियानो कुठून आला, हे मला मग हळूहळू कळलं. तात्या तरुणपणी मुंबईला गेले, शिरीनबाय नावाच्या एका एकट्या पारशी बाईंच्या घरी कामाला लागले, आणि म्हातारे होऊनच परतले. गावी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. बाई गेल्या. पियानो लक्ष्मणला द्यायचा, हे त्यांनी नातलगांना आधीच बजावून ठेवलं होतं.

टेम्पो गावच्या वळणावर अडकला, तेव्हा तिथून पुढे माणसांनी बांबू लावून पियानो उचलून आणला म्हणे. तात्या पुढे उलटे चालत होते आणि सगळ्यांवर ओरडत होते. "हळू रे! मढं नाय हाय ते! खांदं काय बदलताव?"

घरी आल्या आल्या जनाकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, पियानोला हळदकुंकू वाहिलं. त्यावर तात्या काय बोलले ते काकू अजूनही सांगत नाहीत. पुढे एका कोंबडीनं पियानोखाली अंडं घातलं, त्या कोंबडीचा त्याच दिवशी रस्सा झाला. भजनी मंडळाचे बुवा एकदा अदबीनं विचारायला आले, सप्ताहाला पेटीऐवजी हा मिळेल का? "देवाला मॅनर हाय, तुमाला नाय," म्हणून तात्यांनी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

आणि इतकं सगळं करून तात्यांना पियानो वाजवता येत नाही. गावात कुणालाच येत नाही. तरी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर, मेंडिस नावाचे, शिरीनबायच्या वेळेपासूनचे एक म्हातारे गृहस्थ तो सुरात लावायला मुंबईहून येतात. वीर स्टेशनला गाडीतून उतरायचं, रिक्षानं महाड, महाडहून एसटीनं पोलादपूर, पुढे मिळेल ते वाहन. एवढं करून ते पोचले की थांब्यावर उभे असलेले तात्या म्हणतात, "टायमाची काय किंमत हाय का नाय?"

मी एकदा न राहवून विचारलं, "तात्या, वाजवत कोणी नाही, मग सूर लावायचे कशाला?"

 तात्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "म्याडम शिकलेल्या हायत गो, पन डोकं नाय!" पुढे कितीतरी दिवस आमचं बोलणं काकूंमार्फतच चालू होतं.

या दिवाळीनंतर मेंडिस आले, त्यांनी खालची फळी काढली, तर आत उंदरानं घर केलेलं. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचा लोकरी नमदा कुरतडून त्यानं पिल्लांसाठी मऊ गादी केली होती. तात्यांनी उंदराला, त्याच्या खानदानाला आणि शेवटी काकूंना धारेवर धरलं. "तुझ्या मांजरीला काय पेन्शन चालू हाय काय गो?"

मेंडिस सकाळभर तारांच्या खुंट्या पिळत बसले. मग त्यांनी पाना खाली ठेवला.

"लक्ष्मण, खुंट्या सैल झाल्यात. आज लावलेला सूर महिन्यात उतरणार. मला पण आता हा प्रवास होत नाही. देऊन टाक कुणाला तरी. नाहीतरी वाजवतं कोण?"

तात्यांच्या मानेवरची शीर फुगली.

"तू पन? सगळा गाव बोलतो, म्याडम बोलल्या, आता तू पन? ऊठ! उचल तुझी हत्यारं, नि चालू पड!"

मेंडिस खरंच उठले आणि गेले. काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या, माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "म्याडम, आना वो त्यान्ला. दारातनं मानूस उपाशी चाललाय."

मी धावत थांब्यावर गेले आणि त्यांना परत आणलं. पानं मांडली होती. तात्या मेंडिसकडे पाठ करून बसले होते.  मग तात्यांनी ताटातल्या भाताकडं बघतच सुरुवात केली.

"शेवटाला बायची बोटं वाकडी झालेली. चमचा धरवत नव्हता, तर पियानो कुठला? तरी तुला बोलवायची का नाय? मी बोललो, बाय, उगाच कशाला? तर बोलली, लक्ष्मन, तू सकाळी पट्ट्या पुसतो ना, तेवढं मला ऐकायचं असते."

मेंडिसनी घास खाली ठेवला.

"मी फडक्यानं डावीकडनं उजवीकडं पुसत जायचो. ती आत बिछान्यात. पुसून झालं की आतनं हाक, 'लक्ष्मन, उजवीकडची एक रडे छे! परत पूस!' कधीकधी काय रडत नसायची, सूर बरोबर असायचा, उगाच बोलायची. मग मी वरडायचो, बाय, कान तपासून घ्या. रोजचं भांडान." त्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं. "हितं पन रोज पुसतो. कोन कायच बोलत नाय."

वाढायला वाकलेल्या काकू पळी हातात धरून तशाच थांबल्या.

जेवण झाल्यावर मेंडिसनी मुकाट्यानं पिशवी उघडली. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक तार सुरात आणली. निघताना "पावसाआधी बघू," एवढंच म्हणाले. एसटी चुकेल म्हणून तात्या त्यांच्यावर थांब्यापर्यंत ओरडत गेले, त्यांची पिशवी मात्र स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेची तयारी करत होते. भिंतीपलीकडून पट्ट्या पुसल्याचा आवाज आला. जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत, सावकाश. मग पुसणं थांबलं.

तेवढ्यात चुलीपासून काकूंची हाक आली. आवाज जरा घाबरलेलाच होता.

"अवो! ती उजव्या हाताची एक रडतेय!"

 मग तात्या असे कडाडले की माझ्या हातातला कंगवा खाली पडला.

"तुला काय कळतंय गो त्यातलं? कालच लावलाय! कान तपासून घे आधी, कान!"

ते ओरडतच राहिले. आणि ओरडता ओरडता उजवीकडच्या पट्ट्या पुन्हा एकेक करून वाजू लागल्या.