ट्रंकेला सुटलेला घाम

शीलाला बघायला आलेल्या आधीच्या दोन मंडळींनी नाकारलं ते उकाड्यामुळे, असं तिच्या थोरल्या भावाचं, सहदेवचं ठाम मत होतं. घामाघूम माणूस चिडतो आणि चिडला की मुलगी नापसंत करतो. शीला उलट प्रश्न विचारते, हे कारण त्याने जमेसच धरलं नव्हतं.

म्हणून चोपन्न सालच्या मे महिन्यात, कल्याणची मंडळी ठाण्याला यायच्या दिवशी, त्याने जुन्या पत्र्याच्या ट्रंकेला दोन भोकं पाडली. आत बर्फाची लादी ठेवली, वर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण हौसाबाईंच्या मिठागरातलं खडेमीठ ओतलं आणि एका भोकाशी टेबलफॅन लावला. दुसऱ्या भोकातून खरोखरच गार वारा आला. सहदेवने कौतुकाने ट्रंकेवर थाप मारली, तर हात ओला झाला.

"दादा, ट्रंक गळतेय."

"गळत नाही गं. हवेतलं पाणी गार पत्र्यावर जमतंय."

"जमून जमिनीवरच येतंय ना?"

त्याने ट्रंकेला टॉवेल गुंडाळला. टॉवेल चिंब झाला. खाली परात सरकवली. ती भरत आली तेवढ्यात मंडळी जिना चढली.

प्रश्न विचारायचे ते मुलाच्या वडिलांनी. मुलाने मान खाली घालून बसायचं, असा रिवाज. वडील बापूसाहेब त्या कामात नावाजलेले. बापूसाहेबांनी ट्रंकेसमोरची खुर्ची धरली, टोपी काढली आणि "मुलीला बोलवा" म्हणता म्हणता ते चक्क घोरू लागले.

शीला आली. वडीलमाणसाला उठवायचं कोणी? इकडे परात ओसंडली. सहदेव ती घेऊन मोरीकडे धावला, आणि पाणी बापूसाहेबांच्या धोतराकडे निघालेलं पाहून त्यांचा मुलगा उत्तम गुडघ्यांवर बसला.

"ते फडकं द्या इकडे," तो शीलाला म्हणाला.

"पिळता येतं?"

"येतं की. तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"येतो. तुम्हाला?"

"पिठलं येतं. पण गुठळ्या होतात."

शीला खुदकन हसली. उरलेली जमीन दोघांनी मिळून पुसली.

तरी जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून खाली जायचं ते पाणी गेलंच होतं. ओल्या डोक्याने हौसाबाई वर आल्या. "सहदेवा, माजे डोक्यावर पानी गलतंय," म्हणेपर्यंत त्यांना फडकं पिळणारा उत्तम दिसला आणि त्यांचा राग पळाला. "अरे, यो जावय कवा केलास? कामाचा हाय हो!"

त्या आवाजाने बापूसाहेब दचकून उठले. मुलाच्या हातात फडकं. परात घेऊन दारात आलेल्या सहदेवला वाटलं, संपलं.

"उत्तम, हे काय?"

"बाबा, प्रश्न विचारून झाले."

"कोणी विचारले?"

"हिने. मी पास झालो."

बापूसाहेबांनी शीलाकडे पाहिलं, मुलाच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मग मला उठवलंत कशाला?" असं म्हणून त्यांनी खुर्ची ट्रंकेच्या आणखी जवळ ओढली आणि डोळे मिटून घेतले.