उजेड कमी हाय

आमच्या शेजारचे दामूभाऊ रोज सकाळी डोळे मिटून स्वतःच्या घरात फिरत. दारापासून मोरीपर्यंत नऊ पावलं, मोरीपासून पलंगापर्यंत सहा. मध्ये कोणी स्टूल सरकवलेलं असलं की त्यांची नडगी आपटे आणि बोलणी सुनंदावहिनींना बसत. वहिनींना वाटे, कुण्या बुवानं काहीतरी सांगितलंय. मी एकदा सरळ विचारलं. म्हणाले, "सराव हाय." कसला, ते सांगितलं नाही.

तारापूरच्या आमच्या बाजूला घराघरांत डायचं काम चालतं. डाय म्हणजे दागिन्याचा साचा. धातूच्या बोटभर तुकड्यावर छिन्नीनं नक्षी कोरायची. सोनार त्यावर पत्रा ठोकून फूल उठवतो, मोर उठवतो. मोराच्या पिसातली रेघ केसाएवढी बारीक. दामूभाऊ अठराव्या वर्षापासून मोर कोरतात आणि त्यांचा मोर सोनार लांबूनही ओळखतात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचं उजेडाशी भांडण सुरू झालं. आधी बल्ब बदलला, मग दोन ट्यूब लावल्या, मग डोक्यावर लोंबता दिवा आला. खिडकीसमोरची पपई तोडली. तरी पालुपद तेच, "उजेड कमी हाय." वहिनी म्हणायच्या, "रस्त्यावरची माणसं विचारतात, घरात लग्न हाय का?" मोबाइल वाचायचा तर तो खिडकीत ठेवून दामूभाऊ एकेक पाऊल मागे सरकत. पलंगाला टेकले की मजकूर मिळाला.

मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय आहे. गॅस, टाकीची सफाई, शाळेच्या ऑफिसातली कामं, सगळ्याची. दामूभाऊंचीही केली. जवळचं दिसत नाही. संध्याकाळी डोकं दुखतं. लांबचं उत्तम; बोईसरहून येणाऱ्या बसची पाटी नाक्यावरून वाचतात. हे सगळं मला बेचाळिसाव्या वर्षी झालं होतं. यादीखाली मी लिहिलं, 'चष्मा – १', आणि कागद त्यांना दिला. त्यांनी तो घडी करून खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक ट्यूब आणली.

मग एका दुपारी मी वाटी परत करायला गेले, तर ठोकठोक बंद. दामूभाऊ भिंतीला टेकून बसलेले. हातात डाय. मोराच्या डोळ्यातून छिन्नी घसरून थेट मानेपर्यंत गेली होती आणि ते ती रेघ नखानं चाचपत होते.

"ताई, बाबांचे डोळे असेच गेले," ते म्हणाले. "याच वयात. छिन्नी खाली ठेवली आणि ओट्यावर बसले, ते मरेपर्यंत. आता माझी पाळी. म्हणून घर पाठ करून ठेवतो."

नऊ पावलं, सहा पावलं.

मी रजा टाकली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दवाखान्यातही डोळे मिटून खुर्चीपासून दारापर्यंतची पावलं मोजून आले.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं थेंब घातले, डोळ्यांचा दाब पाहिला, पडदा तपासला. माझे पाच प्रश्न तयार होते. पहिल्यालाच ती हसली.

"काका, डोळे ठणठणीत आहेत. चाळिशी लागली, एवढंच. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठ होतं, जवळच्यासाठी वाकत नाही. हे सगळ्यांना होतं. यानं कोणी आंधळं होत नाही. नंबर थोडा वाढत जाईल, तेव्हा वर्ष-दोन वर्षांनी दाखवत जा. डाय किती लांब धरता?"

दामूभाऊंनी हात धरून दाखवला. तिनं टेपनं अंतर मोजलं आणि त्या अंतराचा नंबर लिहून दिला.

मला वाटलं, आता ते मोकळे होतील. ते कागदाकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, एक माणूस हाय. त्याला डाय दिसत नाय. पण ओट्यावर बसून, समुद्रात लांब आलेली होडी कोणाची, ते बरोबर सांगतो. त्याला काय झालं असंल?"

"तपासल्याशिवाय नक्की नाही सांगता येणार," ती म्हणाली. "पण बहुतेक हेच. चष्मा लावला की करेल काम. घेऊन या त्यांना."

दामूभाऊंनी मान डोलावली.

चष्म्याच्या दुकानात त्यांनी काळी, जाड फ्रेम निवडली. मग म्हणाले, "असेच दोन करा."

दुकानदारानं विचारलं, "दुसरा कोणाला? नंबर सांगा."

"बाबांना. माझाच नंबर टाका."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी दामूभाऊंच्या खिशातली माझी यादी मागून घेतली, पेन काढलं आणि 'चष्मा' या शब्दापुढच्या एकाचे दोन केले.