निकमकाकांच्या सायकलचं परमिट

निकमकाकांना सायकलला हात लावायचा असेल, तर ते आधी निकमकाकांची परवानगी घेतात.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात देखभाल विभागात होते. तिथली पद्धत अशी, की यंत्राला पाना लावण्याआधी साहेबांकडून परमिट घ्यायचं, यंत्रावर लाल पाटी लटकवायची आणि साहेबांनी 'काम पूर्ण' म्हटल्याशिवाय ती काढायची नाही. निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेऊन येतात, काका पद्धत घेऊन आले. रोज सकाळी नाशिकरोडच्या आमच्या इमारतीत, पार्किंगमध्ये, ते सायकलच्या डावीकडे उभे राहून म्हणतात, "साहेब, चेन गाइडचं काम काढायचंय." मग वळसा घालून उजवीकडे जातात, चष्मा लावतात आणि विचारतात, "कारण?" एकदा उजवीकडच्या निकमांनी डावीकडच्या निकमांना हातमोजे नाहीत म्हणून परत पाठवलं. डावीकडचे निकम दिवसभर घुश्शात होते.

चेन गाइड म्हणजे पुढच्या दातेरी चक्रावर बसवलेला एक छोटा पिंजरा. डोंगरात सायकल आदळली तरी तो साखळीला उडू देत नाही. मूठभर प्लॅस्टिक आणि दोन बोल्ट. पण काका त्याला 'युनिट' म्हणतात. पिंजरा आणि साखळी यांच्यातली फट ते लग्नपत्रिकांच्या पट्ट्या घालून मोजतात. त्यामुळे आमच्या भागातल्या लग्नांविषयी त्यांची मतं स्वतंत्र आहेत. "बोरस्त्यांनी पत्रिकेत काटकसर केली. फट मोजायला एक नंबर!" आहेराचं पाकीट घेऊन निघालेल्या माणसाला हे ऐकावं लागतं.

सायकल मात्र काकांची नाही. ती त्यांच्या मुलीची, मनीषाताईची आहे. ताई शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर पालथे घालायची. अंजनेरीच्या खडकाळ उतारावर साखळी उडाली, पायडल रिकामं फिरलं, ताई पडली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड केव्हाच जुळलं. चेन गाइड त्यानंतर काकांनी बसवला आणि तेव्हापासून तो दुरुस्तीतच आहे; सायकलवर लाल पाटी लटकलेली. काका मूळचे सटाण्याकडचे. निर्णय पक्का असला की त्यांचं वाक्य तिकडच्या बोलीत संपतं. ताईने सायकल मागितली की उत्तर ठरलेलं: "युनिट बंद शे."

मला हे सहन होत नव्हतं. कमावत्या, चाळिशीला आलेल्या बाईला स्वतःच्या वाहनासाठी बापापुढे उभं राहावं लागतं आणि इमारतीतले सगळे त्याला 'काळजी' म्हणतात! काळजीच्या नावाखाली या देशात बायकांचं जेवढं अडवून ठेवलंय, तेवढं कुलपांनीही ठेवलेलं नाही. गेल्या रविवारी ताई हेल्मेट घेऊन खाली आली. मी पार्किंगमध्येच भाषण सुरू केलं, "काका, ही परमिटशाही..."

"तू गप रे," ताई म्हणाली. "मला सायकल हवीय, क्रांती नकोय."

काका पिंजऱ्यात पत्रिकेची पट्टी सरकवत होते. "घासतोय अजून. पुढच्या रविवारी बघू."

ताईने काकांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला, स्वतःला लावला आणि सायकलच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली.

"निकम, काम कुठवर आलं?"

काका आपसूक ताठ झाले. "चालू आहे, साहेब."

"बोल्ट?"

"टाइट."

"साखळी घासते?"

काका थांबले. मुलीशी ते रोज खोटं बोलत होते. साहेबांशी उभ्या नोकरीत बोलले नव्हते.

"नाही, साहेब."

"मग पाटी काढा."

काकांनी पाटी काढली. ताईने चष्मा परत त्यांच्या नाकावर ठेवला आणि सायकल फाटकाबाहेर काढली. मी टाळ्या वाजवल्या. त्या एकट्याच वाजल्या.

काकांनी पाटी शर्टाला पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी काढ."

माझ्या स्कूटरवर मागे बसून, पाना आणि पट्ट्या खिशात घेऊन, ते देवळालीच्या रस्त्याने तिच्या मागे निघाले. "जवळ जाऊ नको. तिला दिसायला नको." एका गतिरोधकावर ताईची सायकल जोरात आदळली. काकांनी माझा खांदा इतका आवळला, की मीच ओरडणार होतो. साखळी जागेवर राहिली. ताई मागे न बघता पुढे गेली, पायडलवर उभी राहून, जरा जास्तच वेगात.

"चालतंय की, काका! वळू का आता?"

काकांची माझ्या खांद्यावरची पकड तशीच होती.

"थोडं अजून जाऊ," ते म्हणाले. "पुढं उतार शे."