दलसिंगाचा सव्विसावा अर्ज

तापीच्या उत्तरेला माझ्याइतकं इंग्रजी व्याकरण कोणाला येत असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याचे पाय धरीन! अठरा वर्षं वाट पाहिली, कोणी आलं नाही. मी हिलाल मास्तर. अक्कलकुव्याच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत मी इंग्रजी वाक्यांचे असे तुकडे पाडत असे की खाटकाने शिकायला यावं. शिवाय 'इंग्रजी व्याकरणाचे तीन पंथ' हा माझा ग्रंथ चारशे पानं लिहून झाला होता. पहिला पंथ नियमवाल्यांचा, म्हणजे लॅटिनच्या साच्यात इंग्रजी ओतणाऱ्यांचा. तो माझा. दुसरा इतिहासवाल्यांचा, ते प्रत्येक शब्दाच्या खापरपणजोबाला भेटून येतात. तिसरा म्हणतो, लोक बोलतात तेच व्याकरण. या तिसऱ्या पंथाला मी दीड पान दिलं होतं, तेही शिव्या घालायला.

१९३४ साली आमचे हेडमास्तर निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची तात्पुरती माझ्याकडे आली. ती कायम होणारच म्हणून मी तिच्यासाठी गादीसुद्धा शिवून घेतली. तेवढ्यात चुनीलाल मास्तर उपटला. मुंबईहून ट्रेनिंग घेऊन आलेला, भांग पाडलेला, डायरेक्ट मेथडवाला. व्याकरण शिकवूच नये, असं त्याचं व्याकरण. पोरांना खिडकी दाखवायची आणि इंग्रजीत खिडकी म्हणायचं, संपला धडा. सहा महिन्यांत त्याची तुकडी खिडकीवरून दरवाजापर्यंत आली होती.

खात्याने फर्मान काढलं. वर्गाच्या दोन तुकड्या करा, एक हिलालची, एक चुनीलालची. होळीच्या आठवड्यात इंग्रज इन्स्पेक्टर साहेब येऊन दोन्ही तपासतील. ज्याची पद्धत सरस, त्याला हेडमास्तरकी. दुसऱ्याची बदली डोंगरात, एकशिक्षकी शाळेवर. मी गादी उन्हात टाकून झटकून ठेवली.

आता आमच्या शिपायाबद्दल सांगितलं पाहिजे. दलसिंग सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. घंटा वाजवायची, पाणी भरायचं आणि उरलेला वेळ वर्गाच्या दाराशी उभं राहायचं, एवढं त्याचं काम. रजा हवी असेल तर अर्ज इंग्रजीत आणि बिनचूक हवा, हा नियम मी केला होता. शिपायाला कशाला इंग्रजी, असं तुम्ही विचाराल. मला करता येत होता म्हणून केला. चार वर्षांत त्याने पंचवीस अर्ज दिले. प्रत्येकावर मी लाल शाईने गोल काढायचो, त्याला उभं करून चूक समजावायचो आणि परत लिहायला लावायचो. तो लिहायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला रजा मिळायची.

होळीच्या तोंडावर सव्विसावा आला.

"होळीना बाजार शे मास्तर," तो म्हणाला. "मन्हा बुध्याना नवस शे. यंदा पाचवं वरीस."

त्याची बायको फुलीबाई मरता मरता वाचली तेव्हा तो हा नवस बोलला होता. पाच वर्षं होळीला बुध्या व्हायचं, म्हणजे अंगभर राखेची नक्षी काढून, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून आपल्या गावच्या होळीपुढे नाचायचं. त्या दिवसांत पायात काही घालायचं नाही, खाटेवर-बाकावर बसायचं नाही. चार वर्षं झाली होती. पाचवं चुकलं तर नवस मोडला, आणि मोडलेला नवस फुलीबाईला भोवणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग एका शब्दाभोवती लाल गोल काढून परत दिला.

"काय चुकनं, मास्तर?"

"शोध, म्हणजे सापडेल. आणि साहेब येणार त्या दिवशी घंटा कोण वाजवणार?"

त्याने अर्जाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. जाताना म्हणाला, "कोनी पोऱ्या येवाव नही त्या दिन. समदा बाजारले जातीन."

"माझी पोरं माझ्या शब्दाबाहेर नाहीत," मी म्हणालो.

घरी निर्मलाबाईला, म्हणजे माझ्या कुटुंबाला, ही हकीकत सांगितली. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्याले सुट्टी देई टाका. देवनं काम शे, आडा येवू नका." बायकांना व्याकरणातलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची माझी हिंमत नव्हती.

परीक्षेचा दिवस उजाडला. साडेदहाला दलसिंगाने घंटा दिली. खाकी कोटाखाली त्याच्या अंगावर राखेचे पट्टे होते, आणि घंटेचा टोल थांबला तरी कमरेची घुंगरं वाजत होती. परीक्षा आटोपली की तसाच निघायचं त्याने ठरवलं असावं. पण परीक्षेनंतर चालत गेला तर होळी पेटायच्या आत तो पोचणार नव्हता. मला ते ठाऊक होतं, आणि मी घड्याळाकडे पाहत उभा होतो.

अकरा वाजले. एक पोरगं नाही. डोंगरातली गेलीच होती, सपाटीवरचीही ढोलाच्या मागे गेली होती. चुनीलाल आणि मी सहा महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांशी बोललो.

"हिलालभाई, कोणी तरी बसवा बाकावर!"

मी रस्त्यावर धावलो. सुपडू शिंपी दुकानात एकटाच होता. त्याला हाताला धरून आणला आणि पहिल्या बाकावर बसवला. वय पन्नास, मिशा पांढऱ्या, गळ्यात टेप. "डोकं खाली घाल आणि पाटीवर लिही," मी म्हणालो. "काय लिखू?" तो म्हणाला. तेवढ्यात साहेबांची मोटर आली.

साहेबांनी रिकामे बाक पाहिले, सुपडूच्या मिशा पाहिल्या आणि मला इंग्रजीत विचारलं, मुलं कुठे आहेत?

मंडळी, हे वाक्य मी पटकन सोडवलं. कर्ता, क्रियापद, स्थळाचा प्रश्न, तुकडे कसे चोख पडले. उत्तर तेवढं येईना. अठरा वर्षांत माझ्याशी कोणी इंग्रजी बोललं नव्हतं, आणि मीही कोणाशी नाही. साहेबांनी चुनीलालकडे पाहिलं. त्याने घामाघूम होऊन खिडकीकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात इंग्रजीत सांगितलं की ती खिडकी आहे.

दाराशी घुंगरं वाजली. दलसिंग बोलायला लागला.

आदरपूर्वक कळवू इच्छितो की, अशी त्याने सुरुवात केली. त्याचं सगळं इंग्रजी रजेच्या अर्जातलं होतं. होळीचा बाजार का भरतो, मुलं कुठे गेली, ती आठवडाभर का येणार नाहीत, हे त्याने न अडखळता सांगितलं आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' लावलं. साहेबांनी हॅट काढली. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. बसता येत नाही, असं त्याने आदरपूर्वक कळवलं, आणि का ते नवसासकट सांगितलं.

"याला कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"मी!" चुनीलाल आणि मी एकदम ओरडलो. एवढं इंग्रजी दोघांनाही आलं.

दलसिंगाने कोटाच्या खिशातून सव्विसावा अर्ज काढून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो वाचला, लाल गोलावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते बोट मला अजून दिसतं. मी खाली पाहिलं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा दलसिंगाचा राग जास्त आला. ते खोटं कशाला सांगू?

साहेबांनी अर्जावर सही केली, आणि आपली मोटर दलसिंगाला डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोडायला दिली. तो मोटरीतही बसला नाही. बाहेरच्या फळीवर, दांडा धरून उभा राहिला. जाण्यापूर्वी घंटेचा हातोडा त्याने माझ्या हातात दिला. त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा मी वाजवली, सुपडूसाठी.

खात्याचा निर्णय महिन्याने आला. दोन्ही पद्धती सारख्याच कुचकामी ठरल्या. मग वशिला लागला आणि गादीसकट खुर्ची चुनीलालला मिळाली. मी इथे, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेवर एकटाच आलो. ग्रंथ पेटीत आहे. पेटीला वाळवी आहे.

आता श्रावण चाललाय. येत्या रविवारी आमच्या घरी कानबाई देवी बसेल. तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने पीठ मोजतात. माझ्या नावाचं मोजायचं का, असं निर्मलाबाईने कळवून विचारलं आहे. मी दोन दिवसांची रजा मागितली. अर्ज इंग्रजीत, बिनचूक. डोंगरातल्या शाळांच्या रजाही हेडमास्तर चुनीलालच मंजूर करतो. काल अर्ज त्याच्याकडून परत आला. एका शब्दाभोवती लाल गोल आहे.

चूक शोधत मी बसलेलो नाही. दलसिंगाच्या सव्विसाव्या अर्जातही नव्हती.